राणीखाली

आमच्या सांगलीच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील चळवळीतले; मी अक्षरं ओळखायला शिकले ती ‘धिक्कार’ आणि ‘चलो’ यांवरून. त्यामुळे नोकरीसाठी साताऱ्यात आले आणि बाजारातल्या त्या जुन्या इमारतीवर इंग्रजांची राणी अजून बसलेली पाहिली, तेव्हा माझं डोकं फिरलं. खाली दगडी वेलबुट्टी, रंगीत काचा, कमानी. वर ती, नाक फुटलेली, मांडीवर कबुतरं. हिच्या नावानं इथल्या माणसांना तुरुंगात टाकलं आणि आपण तिला अजून डोक्यावर घेऊन बसलोय!

मी पत्रक लिहिलं. दोघा मित्रांनी तपासलं, छापलं, आम्ही तिघांनी मिळून वाटलं. मूर्ती उतरवून संग्रहालयात ठेवा, एवढीच मागणी. रविवारी संध्याकाळी निदर्शनं.

त्या रविवारी मी एकटीच होते. एका मित्राची पुण्याला मुलाखत होती, दुसऱ्याचा फोन लागत नव्हता. एका हातात फलक, दुसऱ्यात उरलेली पत्रकं धरून उभी राहिले. येणारे-जाणारे बघत आणि पुढं जात.

पायरीवर एक बाई गाठोडं घेऊन बसल्या होत्या. नंतर कळलं, माण तालुक्यातल्या, मेंढरं राखणाऱ्या घरच्या.

“कुणाची वाट बघतीयास गं पोरी?”

“लोकांची.”

“किती जण यायचंत?”

“येतील तेवढे.”

“माझा एकच यायचाय, तर सकाळधरनं बसलीया. पल्टणीतनं सुट्टीवर येतोय. राणीखाली थांब म्हणलाय.”

मग पत्रकाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “वाच की. बसून तरी काय करायचं?”

मी वाचलं. सभेत वाचावं तसं, आवाज चढवून. त्या मान डोलावत होत्या. शेवटची ओळ आली : रविवारी पाच वाजता हजारोंच्या संख्येनं राणीखाली जमा!

बाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. “आगं, हिला खाली वढायची म्हंतीस, आन् जमायचं बी हिच्याच खाली?”

तिघांनी वाचलेलं पत्रक, कुणालाच खटकलं नव्हतं. त्या इमारतीवर नव्या नावाची पाटी आहे, पण त्या नावानं रिक्षावालासुद्धा इथं आणणार नाही.

“पुढच्या वेळी बदलू,” मी म्हणाले.

“मग काय लिव्हशील?”

मी पत्रकाची शेवटची ओळ पुन्हा वाचली. मागणी चुकीची नव्हती. राणी उतरवलीच पाहिजे असं मी आजही म्हणते. पण आम्ही शहराला भेटायला दुसरी जागा दिली नव्हती, नुसतं पत्रक दिलं होतं.

तेवढ्यात त्यांचा मुलगा आला. पाठीवर हिरवी पिशवी, कातरलेले केस. बाईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. “लय वाळलास रं! जेवाय घालत न्हाईत व्हय तुला?” त्याला सगळ्यांसमोर लाज वाटली, तरी तो वाकून पाया पडला.

गाठोडं उचलताना त्या मला म्हणाल्या, “चल, स्टँडवर च्या घेऊ.”

“नको. मधेच कुणी आलं तर?”

या वेळी त्या हसल्या नाहीत. कपाळाशी हात धरून त्यांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांना नीट पाहिलं, सकाळपासून लेकासाठी पाहत असतील तसं.

“दिसत न्हाई बाई कुणी,” त्या हळूच म्हणाल्या, आणि लेकाच्या मागून निघाल्या.

मी फलक पुन्हा वर धरला.