लंकेची फाइल

उल्हासनगरच्या एका कॉलेजात मी बावीस वर्षं क्लार्क होते. माझ्या हातून किती कागद गेले याची गणती नाही, पण एक फाइल मला अजून पानापानानिशी आठवते. ती संध्या पगारे मॅडमची.

मॅडम इतिहास शिकवायच्या. अंबरनाथ पश्चिमेला आई सरस्वतीबाईंबरोबर राहायच्या. वडील धोंडिबा काडेपेटीच्या कारखान्यात कामाला होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मॅडमनी लग्न केलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. रविवारी सकाळी त्या वस्तीतल्या विहारात मुलांचा वर्ग घ्यायच्या. वंदना, थोडं पाली, थोडा इतिहास, आणि ज्याचं गणित कच्चं त्याला गणित.

२००४ साली पुण्याच्या एका परिषदेत त्यांना श्रीलंकेचे प्राध्यापक विजेरत्ने भेटले. त्यांच्याकडे गावोगावच्या विहारांत अशीच रविवारची शाळा भरते, तीही पिढ्यान् पिढ्या. दोघांचं चांगलं जमलं. पत्रं गेली, आली, आणि बेत ठरला. मॅडमनी पाच विद्यार्थी घेऊन जायचं, अनुराधापुरापासून तासाभरावरच्या एका खेड्यात तीन आठवडे राहायचं, तिथली शाळा बघायची आणि आपल्या वस्त्यांतल्या वर्गांशी ताडून लिहायचं. येण्याजाण्याचा आणि राहण्याचा भार तिकडचं विद्यापीठ उचलणार होतं. इथून हवी होती फक्त परवानगी.

पहिला प्रस्ताव २००५च्या फेब्रुवारीत संस्थेच्या बैठकीत गेला. मी टिपणं घ्यायला बसले होते. एक ट्रस्टी म्हणाले, "मॅडम, फॉरेन बोले तो लंडन, सिंगापूर. लंका में क्या रखा है?" दुसरे म्हणाले, "हा अभ्यास नाही, ही धार्मिक सहल झाली."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मी मिशनच्या शाळांचा अभ्यास करायला निघाले असते, तर तुम्ही सहल म्हणाला असतात का?"

विषय पुढच्या बैठकीवर गेला. ती बैठक व्हायच्या आधी सव्वीस जुलैचा पूर आला. वालधुनी नदीचं पाणी आमच्या ऑफिसात कमरेएवढं चढलं. खालच्या कपाटातल्या फाइली नंतर बाहेर काढल्या, तेव्हा सगळ्या चिखलाच्या विटा झाल्या होत्या. त्यातच लंकेची.

डिसेंबरात मॅडम पुन्हा माझ्या टेबलाशी आल्या. "उमाताई, पहिल्यापासून टाइप करायचंय."

प्राचार्य केळुसकर माणूस वाईट नव्हता. त्यांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "शीर्षकातला 'बौद्ध' शब्द तेवढा काढा. बाकी मी सांभाळतो." 'बौद्ध विहारांतील रविवारच्या शाळा'चं 'अनौपचारिक शिक्षणाचा तुलनात्मक अभ्यास' झालं. ते मी टाइप करत असताना मॅडम मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "स्वतःच्याच दारावरची पाटी उतरवल्यासारखं वाटतंय." घरी आईला सांगितलं, तर सरस्वतीबाई म्हणाल्या, "तिथं जाऊन बघणार तेच ना? मग कागदावर त्यांना हवं ते लिही."

या वेळी संस्थेने मान्यता दिली. मग विद्यापीठ, मग शिक्षण खातं. प्रत्येक ठिकाणी एक कागद कमी निघायचा. मॅडम सुट्टीच्या दिवशी अर्ज लिहायच्या आणि कामाच्या दिवशी रजा टाकून ते पोचवायच्या. पाचही मुलांना त्यांनी उल्हासनगरच्या वेगवेगळ्या कॅम्पांतल्या चार विहारांत वर्षभर फिरवलं, मुलाखती घ्यायला शिकवलं. त्यांतली अस्मिता सगळ्यांत तयार होती. बोलायला धीट, लिहायला नेटकी. अडचण तिच्या घरची होती. वडील हरिचंद्र आनंदनगर एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर. ते संमतिपत्रावर सही करेनात.

२००६च्या ऑगस्टमध्ये मॅडम त्यांच्या घरी गेल्या, मी सोबत होते. हरिचंद्र कामावरून नुकतेच आले होते. "जयभीम मॅडम," म्हणून त्यांनी खुर्ची पुढे केली. मग म्हणाले, "पोरगी कल्याणच्या पुढे एकटी गेली नाही कधी. आणि तिकडं लढाई चालू आहे म्हणतात."

"ती उत्तरेला, दादा. आपण जातोय ते गाव बाजूला आहे. अस्मिताची जबाबदारी माझी."

हरिचंद्रांनी पेन मागून घेतलं आणि सही केली.

परतताना रिक्षा स्टेशनाजवळ आल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "जूनमध्ये तिकडे एक बस सुरुंगाने उडवली. साठेक माणसं गेली, सगळी गावकरी, लहान मुलंसुद्धा. अनुराधापूर जिल्ह्यातच. मी त्यांना सांगितलं नाही."

"का?"

"सांगितलं असतं तर सही झाली नसती."

विजेरत्नेंना त्यांनी तेव्हाच विचारलं होतं. त्यांचं उत्तर आलं होतं की ती जागा दूर आहे, आमच्या गावात सगळं सुरळीत आहे, जरूर या. मॅडमनी ते पत्र फाइलला लावलं होतं आणि त्याच्याच आधारावर स्वतःची समजूत काढली होती.

शेवटची परवानगी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आली. दिवाळी संपली की निघायचं. मुलांनी कॉलेजात पेढे वाटले. पेढ्यांचा खोका अजून माझ्या टेबलावर होता, तेव्हाच बातमी आली. लंकेत नौसैनिकांना नेणाऱ्या बसगाड्यांवर स्फोटकांनी भरलेला ट्रक घातला होता. शंभराच्या आसपास मेले. मॅडमनी नकाशा काढून पट्टीने अंतर मोजलं. त्या गावापासून रस्त्याने दोन तासही नव्हते.

त्या केळुसकर सरांकडे गेल्या. सर म्हणाले, "परवानगी आहे. जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. जे ठरेल ते लेखी द्या." विजेरत्नेंचा फोन लागला. ते म्हणाले, "गावात शांतता आहे. पण या असं मी आता कसं म्हणू? तुम्हीच ठरवा." हरिचंद्रांना निरोप पाठवला, तर उलटा निरोप आला, मॅडम म्हणतील तसं.

चार दिवस त्या वर्गात शिकवायच्या आणि उरलेला वेळ स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसून असायच्या. चेहरा आजारी माणसासारखा झाला होता. पाचव्या दिवशी मला म्हणाल्या, "उमाताई, पत्र घ्या. दौरा रद्द." दोन ओळींचं पत्र होतं. मी टाइप केलं. त्यांनी तीनदा वाचलं आणि सही केली.

अस्मिता ऑफिसातच येऊन उभी राहिली. "मॅडम, खरंय का?"

"हो."

"जुलैमध्ये मुंबईत गाड्यांत बॉम्ब फुटले. दोनशे माणसं मेली. म्हणून आपण गाडीने जायचं सोडलं का?"

"नाही."

"तुम्ही एकट्या असता तर गेला असतात?"

"गेले असते."

"मग आमचं तुम्ही का ठरवता? दोन वर्षं तुम्ही सगळ्यांना सांगत होता, अडवू नका. सगळ्यांनी परवानगी दिली. शेवटी तुम्हीच अडवलंत."

ती निघून गेली.

त्याच संध्याकाळी त्या हरिचंद्रांकडे गेल्या. मला म्हणाल्या, चला, एकटीने जमणार नाही. तिथे त्यांनी जूनची बस, विजेरत्नेंचं पत्र, सगळं सांगून टाकलं. अस्मिता आतल्या खोलीत होती, तिला ऐकू जात असणार.

हरिचंद्र म्हणाले, "हे तेव्हा सांगितलं असतं, तर मी नाही म्हणालो असतो."

"म्हणूनच सांगितलं नाही. चूक झाली माझी."

"दुसऱ्या कोणाच्या शब्दावर मी सही केली नसती, मॅडम." एवढंच बोलून ते उठून दारात जाऊन उभे राहिले. आम्ही त्यांच्या बाजूने बाहेर पडलो, तरी त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही.

पुढच्या वर्षी तिकडची परिस्थिती आणखी बिघडली. मुलं पास होऊन पांगली. विजेरत्ने निवृत्त झाले. अस्मिताने एम.ए.चा विचार सोडून बी.एड. केलं आणि बदलापूरला शिरगावमधल्या एका शाळेत लागली. मॅडमचा रविवारचा वर्ग चालू राहिला. परदेशाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. परिपत्रकं यायची, मी टेबलावर ठेवायची, त्या वाचून परत द्यायच्या.

२००९च्या मे महिन्यात तिकडचं युद्ध संपलं. डिसेंबरात विजेरत्ने बायकोला घेऊन बोधगयेला निघाले होते, वाटेत एक दिवस अंबरनाथला उतरले. मॅडमनी त्या पाच जणांना कळवलं. आली एकटी अस्मिता. म्हातारे सर वर्गातल्या पोरांत रमले. नंतर मॅडमच्या घरी आम्ही सगळे बसलो होतो, तेव्हा मॅडमनी विचारलं, "त्या वर्षी, त्या तीन आठवड्यांत, गावात काय झालं?"

सर म्हणाले, "काही नाही. पाऊस फार झाला. शाळा रोजच्यासारखी भरली. मुलं तुमची वाट बघत होती." त्यांना वाईट हेतू नव्हता. त्यांनी जे होतं ते सांगितलं.

मॅडम कपबश्या उचलून आत गेल्या. मी गेले, तर त्या नळ सोडून नुसत्या उभ्या होत्या. म्हणाल्या, "मला वाटायचं, कधीतरी कळेल की मी बरोबर होते. आता काय, तेही नाही."

अस्मिता निघताना दारात थांबली. "मॅडम, मी आता शाळेची सहल नेते. चाळीस मुलं असतात. त्यांच्या आईबापांच्या सह्या माझ्याकडे असतात. मला वाटलं होतं, एक दिवस तुमचं पटेल."

"पटलं?"

"नाही." तिने चप्पल घातली. "पण त्या दिवशी तुम्ही पप्पांना सगळं सांगितलंत, ते मी आतून ऐकलं होतं. दुसऱ्या कोणी सांगितलं नसतं."

मॅडम "हं" म्हणाल्या आणि तिला रिक्षापर्यंत सोडायला खाली उतरल्या. मी गॅलरीतून बघत होते. दोघी रिक्षाच्या रांगेत बराच वेळ उभ्या होत्या.