खोबरेल लावून तलावात

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या आमच्या कम्युनिटी सेंटरचा पोहण्याचा तलाव एका शनिवारी सकाळी तातडीने रिकामा करावा लागला. त्याला कारण माझी आई आणि माध्यम मी.

झालं असं, की माझी नऊ वर्षांची लेक इरा हिच्या उन्हाळी शिबिरात बाबा आणि मुलांनी मिळून तळ्यात होडी वल्हवायची टूम निघाली. अट एकच. लिंडा तीस अंक मोजेपर्यंत बाबाने पाण्यावर उताणं तरंगून दाखवायचं. लिंडा म्हणजे सेंटरवर पोहणं शिकवणारी सत्तरीची बाई, आवाज मात्र पीटीच्या मास्तरांचा! माझा पाण्याशी संबंध बादली आणि तांब्यापुरता. (शॉवरखालीसुद्धा मी दांडी धरून उभा राहतो.) तरीही लेकीसाठी मी मोठ्यांच्या क्लासला नाव घातलं.

"रिलॅक्स!" लिंडा ओरडायची. "अंग सैल सोड. हलू नकोस!"

रिलॅक्स म्हटलं, की माझं अंग लाकडासारखं ताठ व्हायचं आणि मी हातपाय झाडत तळाला जायचो. क्लासातले सगळे तरंगू लागले, मी आपला खोकतोय! शेवटी इराच म्हणाली, "इट्स ओके बाबा. डेव्हिड अंकल विल टेक मी."

डेव्हिड आमचा शेजारी. सहा फुटी, घराचं छप्पर स्वतः दुरुस्त करणारा. इराचं ते 'इट्स ओके' मला फारच झोंबलं. माझी लेक दुसऱ्याच्या होडीत बसणार आणि मी काठावर सँडविचं सांभाळणार!

सांगलीहून आमच्याकडे राहायला आलेली माझी आई परीक्षेच्या शनिवारी सकाळी खोबरेलाची वाटी कोमट करून उभी.

"बस खाली. तेलाशिवाय कोणी पाण्यात उतरतं का? आमच्याकडं विहिरीत उतरायच्या आधी पोरं अंगभर तेल चोपडायची."

"आई, ही विहीर नाही. तिथे अंघोळ करूनच उतरायचं असतं."

"मग कर की! त्या औषधाच्या पाण्यानं पाठ बघ कशी पांढरीफटक पडलीय. पाणी बाधलंय तुला, म्हणून बुडतोस."

एरवी मी उठून गेलो असतो. पण त्या दिवशी मी इतका घाबरलो होतो, की आईने दंडाला ताईत बांधला असता तरी चालला असता. बसलो. आईने टाळूपासून टाचेपर्यंत तेल जिरवलं. (जिरलं असं आम्हाला वाटलं.)

बायको म्हणाली, "अरे, पूलला चाललायस की कुस्तीला?"

सेंटरवर शॉवर घेतला, पण पाणी अंगावरून नुसतंच ओघळून गेलं. आई आणि इरा बाकावर बसल्या. मी देवाचं नाव घेऊन उतरलो. लिंडाने पाठीखाली हात घातला आणि मी सुळ्ळकन तिच्या हातातून निसटून पाण्याखाली! तिने दंड धरला, दंड निसटला. पाय धरला, तोही निसटला! मदतीला लाइफगार्ड उतरला. त्याने मला मागून कवेत घेतलं आणि मी त्याच्या मिठीतून वरच्या वर सटकलो!

तेवढ्यात शेजारच्या लेनमधले एक आजोबा गॉगल पुसत म्हणाले, "मला धूसर का दिसतंय?"

पाण्यावर रंगीत वर्तुळं पसरत चालली होती. शिट्टी वाजली. "एव्हरीबडी आउट!" लहान मुलं, गुडघेदुखीच्या व्यायामाला आलेल्या बायका, सगळे काठावर टॉवेल गुंडाळून कुडकुडत उभे. पंपातून ऑइल गळतंय, असा लाइफगार्डचा अंदाज. मॅनेजर धावत आली.

मीही गर्दीत उभा राहून कपाळाला आठ्या घातल्या. "पंपच असणार," मी गंभीरपणे म्हणालो. "आय अॅम अॅन इंजिनिअर."

"इट्स नॉट द पंप!" बाकावरून खणखणीत आवाज आला. इरा! "इट्स माय बाबा! माय आजी ऑइल्स हिम!"

सगळा तलाव माझ्याकडे वळला. मला दरदरून घाम फुटला, आणि तोही तेलावरून घसरला असावा. आई मात्र अभिमानाने उठून उभी. "सांग रे त्यांना, घाण्याचं आहे म्हणावं. शुद्ध!"

मला साबणाची बाटली देऊन आत धाडण्यात आलं. तासभराने पाणी साफ झालं. माणसं घरी जातील म्हटलं, तर एकही हलला नव्हता! आजोबांनी तर खुर्ची पुढे ओढून घेतली होती. इराने मात्र डोळे हातांनी झाकले होते. ते पाहून माझा उरलासुरला धीर होता तोही संपला. मी पुन्हा पाण्यात उतरलो, पाण्यावर पाठ टेकली, डोळे मिटले आणि ठरवलं, की आता खाली गेलो तर वर यायचं नाही. हात हलवायचे नाहीत, पायसुद्धा नाही. या लोकांना पुन्हा तोंड दाखवण्यापेक्षा तळ बरा.

"ट्वेंटी-नाइन, थर्टी!" लिंडा ओरडली. टाळ्या पडल्या. "बाबाऽऽ! यू डिड इट!" इरा किंचाळली.

जन्मात पहिल्यांदाच मी मनापासून बुडायचं ठरवलं होतं. तेवढंही मला जमलं नाही!