दाराबाहेरची टाटपट्टी

"तुम्ही इथंच बसा," मोठे गुरुजी म्हणाले आणि तरटाची टाटपट्टी दाराबाहेर सरकवली. हातानं नाही. पायानं.

मी बसलो. बाजूला पोरांचे जोडे. नव्या मास्तराची जागा ती.

मध्यभारत मोडून मध्यप्रदेश नुकताच झाला होता. स्वराज्य त्याच्याही आधी आलं होतं, असं ऐकून होतो. आम्ही महार. वडील खानदेशातून उज्जैनला कापडमिलमध्ये आले. मी सातवी पास. तेवढ्यावर तेव्हा प्रायमरीत मास्तरकी मिळायची. रीत अशी, की नव्यानं काही महिने जुन्या मास्तरच्या वर्गात बसायचं, तो कसा शिकवतो ते बघायचं, मग इन्स्पेक्टर साहेबांसमोर एक पाठ द्यायचा. जमला तर नोकरी पक्की.

मोठे गुरुजी आपल्याच भाषेचे. त्यांचे वाडवडील दरबारात कारकून. मला वाटलं, मराठी माणूस आहे, हात धरून शिकवेल. हात कुठला धरतोय. खडू द्यायचा तर उंबऱ्यावर ठेवायचे. मी उचलायचा.

दार पुढच्या भिंतीला लागून. मला नुसती पोरांची तोंडं दिसायची. गुरुजी दिसायचे नाहीत, ऐकू यायचे. भूगोल चालायचा. "भोपाळ," टक्. "जबलपूर," टक्. "नर्मदा," टक्. काठीचा आवाज. मी समजलो, टेबलावर मारतात, पोरं गप्प राहावीत म्हणून.

जे ऐकलं ते पाठ केलं. संध्याकाळी घरी बायकोसमोर म्हणून दाखवायचो. ती भैरवगढला नदीवर छापाची कापडं धुवायला जायची. रंगानं नखं कायम लाल. दमून यायची तरी समोर बसायची. मी डब्यावर काठी मारायचो.

"अहो, ही काठी कशाला?"

"पोरांना धाक."

"मी तर गप्पच बसलेय. मला कसला धाक दाखवता?" आणि मग रोजचंच. "आज आत बसलात का?"

"बसेन."

"नोकरी सरकारची आहे का त्यांच्या बापाची?"

साहेब आले. मागं खुर्ची टाकून बसले. त्या दिवशी पहिल्यांदा मी उंबरा ओलांडला. शब्द न् शब्द म्हटला. भोपाळ, टेबलावर टक्. जबलपूर, टक्.

साहेब हसायला लागले. "मास्टरजी, टेबल ने क्या बिगाड़ा है? नक्शा कहाँ है?"

नकाशा कपाटात. कपाटाची किल्ली गुरुजींच्या जानव्याला. त्यांनी सावकाश कपाट उघडलं, गुंडाळी काढली, भिंतीला टांगली. नवा मध्यप्रदेश. तेव्हा कळलं, ते टक् कशावर होतं.

"साहब, सिखाया तो जी-जान से," गुरुजी म्हणाले. "अब दिमाग़ कहाँ से लाऊँ?"

पोरं हसली. ज्यांना शिकवायला मी आलो होतो, ती पोरं.

मी म्हणालो, "साहब, मुझे अंदर बैठने नहीं दिया. ये नक्शा आज पहली बार देख रहा हूँ."

साहेबांनी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजी म्हणाले, "इनको बाहर ही ठीक लगता है." साहेबांनी चहा घेतला आणि लिहून गेले, पाठ असमाधानकारक. एवढंच. माझं बोलणं कुठं लिहिलं नाही.

घरी सगळं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "उद्या आत बसा. नाहीतर घरात पण येऊ नका."

दुसऱ्या दिवशी टाटपट्टी उचलली, आत नेली, शेवटच्या रांगेत टाकली. बसलो.

"उठा."

"नाही."

"मग मी शिकवणार नाही."

"नका शिकवू. मी बसतो."

गुरुजी बाहेर जाऊन उभे राहिले. जोड्यांपाशी. उन्हात. मी आत. महिनाभरात माझी बदली पार लांबच्या खेड्यात झाली. नोकरी पक्की व्हायला वर्षं गेली. तोवर तिनं कापडं धुतली, परक्या नदीवर, परक्या गावात. पुढं जो नवा मास्तर माझ्याकडं आला, त्याला शेजारी खुर्ची दिली, काठी हातात दिली, चुकला तर पोरांसमोर बोललो नाही. उपकार नाही केले. मला मिळायला हवं होतं ते दिलं.

ती गेली, वर्ष व्हायचंय. संध्याकाळी कोणी विचारत नाही, आत बसलात का.

परवा नानाखेड्याहून गुरुजींचा नातू आला होता. स्मरणिका काढतायत. विषय, नव्या शिक्षकांना घडवणारे गुरुजी. "काका, दोन गोड शब्द लिहून द्या. आमच्या आजोबांनीच ना तुम्हाला उभं केलं?"

बाळा, त्यांनी मला बसवलं. जोड्यांपाशी. उभं केलं लाल नखांच्या बाईनं, तिला अक्षर येत नव्हतं.

हे लिहिलंय. छापायचं तर अख्खं छाप. एक ओळ काढलीस, तर स्मरणिकेच्या सभेत येईन, मागं बसणार नाही, पुढं येईन आणि तीच ओळ तोंडानं म्हणेन.