सचिवसाहेबांचे टेकू

"येतील की, मॅडम. बसा," असं मला म्हणून सचिवसाहेब दाराकडे बघत चष्मा पुसायचे. चष्मा स्वच्छ व्हायचा, माणसं यायची नाहीत. अभियंत्यांच्या संघटनेच्या आमच्या सोलापूर शाखेचं व्याख्यान असं सुरू व्हायचं. श्रोते सात-आठ, त्यातले एकदोघे पंख्याखाली विसावायला आलेले.

ते शाखेचे सचिव. मूळचे मैंदर्गीचे, पाणीपुरवठ्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले. मी तंत्रनिकेतनात शिकवते. शाखेत बाई म्हणून एकटीच. पाहुण्यांची ओळख ते इतकी लांबवत, की एकदा पाहुण्यांनीच घड्याळाकडे बोट दाखवलं. राग आला की कन्नडमध्ये पुटपुटायचे. सोलापुरात कन्नड निम्म्या लोकांना कळतं, हे तेवढ्यापुरतं विसरायचे.

अशा संस्था तुम्हीही पाहिल्या असतील. वर्षाचे कार्यक्रम ठरतात, फोटो निघतात, संपतं. त्यांना ते पुरेना. पूर्व भागातल्या जुन्या यंत्रमाग कारखान्यांच्या इमारती फुकट तपासायच्या, असं त्यांनी सभेत मांडलं. टाळ्या झाल्या. पहिल्या रविवारी पाच जण आले. पुढे आम्ही दोघंच.

एका बोळात दुमजली कारखाना होता. खाली माग, वर भाडेकरू. स्लॅबच्या गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्या होत्या. त्यांनी हातोडीनं तुळई ठोकून पाहिली आणि हळूच म्हणाले, "पोकळ हाय."

माग थांबवा, वरची माणसं हलवा, असं त्यांनी मालकाला सांगितलं. मालक नम्र माणूस. चहा पाजून म्हणाला, "माग थांबले तर हितली माणसं खातील काय, साहेब?"

वर एक बाई विड्या वळत बसली होती. नवरा खालीच मागावर. तिनं विचारलं, "एवढ्या भाड्यात दुसरी खोली कुटं मिळती? तुमीच सांगा."

त्यांनी हातोडी पिशवीत टाकली. "बघतो," म्हणाले.

महापालिकेच्या कचेरीत गेलो, तर तुमच्या संस्थेला अधिकार काय, असं विचारलं गेलं. शाखेनंच टेकू लावावेत, त्या कुटुंबाला खोली बघून द्यावी, असं त्यांनी सभेपुढे ठेवलं. "आपली तांत्रिक संस्था. हे आपलं काम नव्हे," एक सभासद म्हणाले. उपसमिती नेमली गेली. ती कधी बसली नाही.

शेवटी ते स्वतःच टेम्पोतून लाकडी टेकू घेऊन गेले. मागांना अडचण होते म्हणून मालकानं दोनच लावू दिले. उरलेले भिंतीला उभे करून ठेवले.

परतीच्या पावसात, एका दुपारी, स्लॅब खाली आला. बाई विड्या जमा करायला गेली होती. नवरा मागावर होता.

आम्ही पोचलो तेव्हा त्याला बाहेर काढून झाकलं होतं. बाईनं साहेबांना ओळखलं. जमलेल्या लोकांना म्हणाली, "ह्यांनी सांगितलं होतं." आवाजात राग नव्हता. तेच त्यांना सोसलं नाही.

"सांगून काय केलं मी," एवढंच ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात शाखेनं जुन्या इमारतींच्या सुरक्षेवर त्यांचं व्याख्यान ठेवलं, सत्कारासह. बोलवायला अध्यक्ष घरी गेले. मीही बरोबर होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "माझं खरं निघालं म्हणून शाल घालताय व्हय?"

अध्यक्ष चप्पल शोधायला लागले.

मग सचिवसाहेब कुठल्याच सभेला आले नाहीत. मी भेटायला गेले की त्या बाईचं विचारायचे, बाकी काही नाही. हिवाळ्यात झोपेतच गेले. शाखेनं उभं राहून शांतता पाळली आणि स्नेहसंमेलनाचा विषय घेतला.

बाईला सांगायला मीच गेले. ती दोन बोळ पलीकडे राहायला गेली होती. पुन्हा वरची खोली, खाली माग. फरशी पायाखाली थरथरत होती. मी सांगितलं, तेव्हा तिनं मांडीवरचं तंबाखूचं सूप बाजूला ठेवलं.

"मग ही खोली आता कोण बघणार?"

मी कोपऱ्यात जाऊन वाकले. भिंतीला चीर होती, बोट जाईल एवढी. वळले, तर ती माझ्या तोंडाकडे बघत होती.