तिसरा प्रश्न

जनावरांच्या त्या दवाखान्यात शिरलं की आधी कुत्र्यांचा आवाज यायचा, मग फिनेलचा वास, आणि मग मावशी. कुत्र्यांची आणि फिनेलची सवय व्हायची.

मावशी म्हणजे पुढच्या टेबलावरच्या. केसपेपर काढायचा, नंबर लावायचा, फोन घ्यायचा, हे काम त्यांनी त्याच खुर्चीवर बसून बावीस वर्षं केलं. आधीचे डॉक्टर म्हातारे होऊन घरी बसले, नव्या डॉक्टर आल्या, खुर्चीवरची उशी तीनदा बदलली. मावशी होत्या तिथेच. पुढच्या खोलीत कुत्र्यामांजरांच्या मालकांसाठी लांब बाक होता. मागच्या अंगणात लोखंडी खोडा होता. गाईम्हशींना तपासायला त्यात उभं करायचे. गाय मागून येवो की मांजर पुढून, मालकाला मावशींच्या टेबलाला वळसा घालूनच आत जावं लागे.

फोनवरचे प्रश्न त्यांना पाठ होते. माणूस "हॅलो" कसं म्हणतो त्यावरून पुढचा प्रश्न कळतो, असं त्या म्हणायच्या, आणि त्यात फारशी थाप नव्हती.

"मावशी, कुत्र्याचं नाक कोरडं लागतंय. ताप असेल का?"

"नाकाला हात लावून ताप कळत नाही. थर्मामीटर लागतो, तो इथे आहे. या."

"आमचं मांजर घराबाहेर पडतच नाही हो. मग लस कशाला?"

"तुम्ही पडता ना बाहेर? आजार तुमच्या चपलेला चिकटून घरी येतो, त्याला मांजराची परवानगी लागत नाही."

"गाय सकाळी व्यायली, वार अजून पडली नाही. ओढून काढू?"

"खबरदार हात लावाल तर! किती तास झाले ते सांगा, मी डॉक्टरांना पाठवते."

"आम्ही घेतो ती तापाची गोळी अर्धी करून मांजराला दिली तर?"

"तर मांजर जाईल. अर्धी नाही, पाव नाही, चाटायलासुद्धा नाही."

एकाच प्रश्नाला त्या उत्तर देत नसत. "वाचेल ना हो?" असं कुणी विचारलं की मावशींचा आवाज जरा खाली यायचा. "त्याचं उत्तर या टेबलावर मिळत नाही," म्हणायच्या आणि फोन डॉक्टरांकडे द्यायच्या.

उलट प्रश्न मात्र त्यांचे तीन ठरलेले. काय खाल्लं? कधीपासून? आणि घरी काय काय करून झालं? पहिल्या दोनांना लोक साधारण खरं उत्तर देतात. तिसऱ्याला सगळे खोटं बोलतात. शाळेचे मुख्याध्यापक बोलतात, पोलीस बोलतात, ज्यांना आयुष्यात थाप मारता आली नाही अशी माणसंसुद्धा जनावराच्या डॉक्टरपुढे उभं राहून म्हणतात, "काही नाही केलं हो." हळद लावलेली असते, तेल पाजलेलं असतं, शेजाऱ्याच्या कुत्र्याची उरलेली बाटली संपवलेली असते, पण तोंडाला कुलूप.

मावशींनी त्यावर एक युक्ती बसवली होती. तिसरा प्रश्न विचारताना वर बघायचंच नाही. मान खाली, हातात पेन, कागदावर काहीतरी खरडत राहायचं आणि सहज विचारल्यासारखं विचारायचं. "काही केलंत का?" असं नाही. "काय काय करून झालं?" असं. नव्या डॉक्टर आल्या तेव्हा पहिल्या आठवड्यातच मावशींनी त्यांना हा धडा दिला होता. "चेहऱ्याकडे बघितलं की माणूस सावध होतो, डॉक्टर. कागदाकडे बघितलं की बोलतो." डॉक्टर वयाने मुलीएवढ्या, पण हुशार. त्यांनी ते लक्षात ठेवलं.

महिन्याभरापूर्वी दूधवाला आपली गाय घेऊन आला होता. गाईचं पोट फुगलेलं आणि वर खोकला. मावशींनी मान खाली घालून विचारलं तरी गडी बधला नाही. शेवटी मागच्या अंगणात जाऊन गाईच्या हनुवटीवरचा तेलकट ओघळ मावशींनीच बोटाने पुसून त्याच्या नाकापुढे धरला. दूधवाल्याची ततपप झाली. त्याने जबडा वर करून बाटलीभर तेल ओतलं होतं, आणि त्यातलं थोडं पोटात न जाता छातीत गेलं होतं. सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात मावशी म्हणाल्या, "तिला बोलता येत नाही, निदान तुम्ही तरी खरं बोला!" गाय पुढे बरी झाली. पण ते वाक्य गावभर झालं, आणि खरं सांगायचं तर मावशींना त्याचा थोडा अभिमानही वाटला.

घरी मात्र त्यांनी कधी जनावर पाळलं नव्हतं. "दिवसभर तेच, घरी पुन्हा तेच नको," असं त्यांचं म्हणणं. काका, म्हणजे मावशींचे यजमान, शिंपी होते. त्यांनाही शिवायच्या कापडावर केस नको होते. मग कुणीतरी दवाखान्याच्या पायरीवर खोक्यात एक करडं मांजर ठेवून गेलं. एक कान फाटलेला, अंगात नुसती हाडं. मावशी तिला "चार दिवसांसाठी" घरी घेऊन गेल्या. म्हणून नाव पाहुणी ठेवलं. पाहुणीच्या त्या चार दिवसांना आता तीन वर्षं होत आली होती. ती काकांच्या मांडीवर झोपायची, मावशींच्या ताटातला मासा खायची, आणि दवाखान्यात लोकांच्या लाडावलेल्या कुत्र्यांना नावं ठेवणाऱ्या मावशी घरी येऊन तिच्याशी बोबडं बोलायच्या. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

एका रविवारी काका दुकानात होते. मावशी पलंगावर बसून स्वेटरला बटण लावत होत्या. आता शिंप्याच्या घरात सुईदोरा उघडा पडत नाही; काकांची सगळी रिळं डब्यात, डबा कपाटात, कपाटाला कडी. पण मावशींचा शिवणकामाचा पत्र्याचा डबा वेगळा, आणि त्याचं झाकण बसत नव्हतं. दार वाजलं, त्या उठल्या, शेजारणीशी दोन शब्द बोलून परत आल्या. सुई स्वेटरला टोचलेली होती. दोरा नव्हता. आणि पाहुणी कोपऱ्यात बसून जबडा हलवत होती. तोंडाच्या कडेने निळ्या दोऱ्याचं टोक लोंबत होतं.

दोरा गिळलेल्या मांजराचं काय करायचं, हे मावशींनी फोनवर किती जणांना सांगितलं असेल! ओढायचा नाही. आत कुठे अडकला असेल, आतडं कापत येईल. तसंच उचलून घेऊन यायचं. हे त्यांना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. पण त्यांनी ते टोक बघितलं, आणि हात आपोआप पुढे गेला. वीतभर दोरा आला. पाहुणी एकदम ओरडली. दोरा तुटला. तुटलेलं टोक आत गेलं आणि मावशींच्या बोटात राहिला तो ओला तुकडा त्यांनी केराच्या डब्यात टाकला, वर कांद्याची सालं टाकली.

संध्याकाळी पाहुणीने उलटी केली. मासा हुंगला आणि तोंड फिरवलं. मग कपाटाखाली जाऊन बसली. "काय झालं गं हिला?" काकांनी विचारलं. "ऊन बाधलं असेल," मावशी म्हणाल्या. आकाश तर सकाळपासून ढगाळ होतं. काकांनी खिडकीबाहेर एकदा पाहिलं, पण तीस वर्षांच्या संसारात कुठे बोलायचं नाही हे त्यांना कळत होतं.

सोमवारी सकाळी ते दोघं टोपलीत पाहुणीला घालून दवाखान्यात आले. टेबलावर कुणी नव्हतं, कारण टेबलावरची बाई आज बाकावर होती. बाकावर नेहमीची गर्दी, आणि टोकाला दूधवाला, गाईचं औषध न्यायला आलेला. "मावशी, तुम्ही इकडे?" त्याने विचारलं. "का, मला बंदी आहे?" मावशी म्हणाल्या. पण आवाजात रोजचा दम नव्हता.

तपासायच्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा. आतलं सगळं बाहेर ऐकू जातं, हे मावशींइतकं कुणाला ठाऊक?

"काय खाल्लं, मावशी?" डॉक्टरांनी विचारलं.

"काल सकाळी मासा. मग काही नाही."

"कधीपासून असं?"

"काल दुपारनंतर."

"घरी काही केलंत?"

मावशींनी डॉक्टरांच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं, "नाही हो. मी काय करणार?"

डॉक्टरांनी पाहुणीचं पोट दाबून पाहिलं, तोंड उघडून जिभेखाली पाहिलं. काही दिसलं नाही. "काहीतरी बाधलंय. उलटीचं इंजेक्शन देते, सलाईन लावू. उद्या पुन्हा बघू."

उद्या. मावशींना उद्याचा अर्थ कळत होता. अशी दोन मांजरं त्यांनी पाहिली होती, दोन्हींच्या मालकांनी खरं दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं, आणि तोवर उशीर झाला होता. पण पडद्यापलीकडे तो अख्खा बाक बसला होता, ज्याला त्यांनी बावीस वर्षं शहाणपण शिकवलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आणि झाकली मूठ सव्वा लाखाची, हेही खरंच होतं.

डॉक्टर खोलीतल्या आपल्या टेबलाशी गेल्या. मान खाली घातली. पेन उघडलं. कागदावर काहीतरी लिहीत, अगदी सहज, म्हणाल्या, "आणि घरी काय काय करून झालं?"

मावशींनी आपली युक्ती लगेच ओळखली. शब्दसुद्धा तेच, "काय काय". सापळा स्वतः विणलेला, त्यामुळे चुकवायची वाटही माहीत होती. नुसतं गप्प राहायचं. त्यांनी पाहुणीकडे पाहिलं. ती टोपलीच्या काठावर हनुवटी टेकून बसली होती, आणि तिला बोलता येत नव्हतं.

"ओढला," मावशी म्हणाल्या.

डॉक्टरांचं पेन थांबलं.

"दोरा. तोंडातून लोंबत होता. मी ओढला. वीतभर आला, मग तुटला. बाकीचा आत आहे." मग काकांकडे वळून घाईघाईने, "यांचा नाही हो, माझा. माझ्या डब्यातला. यांना काही माहीत नाही."

पडद्याबाहेर बाक करकरला, कुणीतरी ऐकायला पुढे सरकलं होतं. काका टोपलीची कडी घट्ट धरून उभे होते. "अगं, मला तरी सांगायचंस," एवढंच म्हणाले.

डॉक्टरांनी सोनोग्राफीचं मशीन ओढून पाहुणीचं पोट पुन्हा तपासलं, या वेळी काय शोधायचं ते माहीत होतं. "आतडं गोळा झालंय. आत्ताच उघडावं लागेल. मावशी, मी उद्या बघू म्हणत होते." एवढं बोलून त्या हात धुवायला गेल्या.

मावशी बाहेर येऊन बाकावर बसल्या. दूधवाल्याने सरकून जागा दिली. बावीस वर्षांत त्यांना कळलं नव्हतं की तो बाक इतका अरुंद आहे आणि भिंतीवरचं घड्याळ इतकं मोठ्याने वाजतं. मग मावशींनी दूधवाल्याकडे न बघताच विचारलं, "वाचेल ना हो?"

दूधवाला म्हणाला, "त्याचं उत्तर या बाकावर मिळत नाही, मावशी." आणि मग त्यांचा चेहरा बघून घाईने म्हणाला, "पण माझी गाय वाचली. आणि मी तर अख्खी बाटली ओतली होती."

मावशींना हसू आलं आणि रडू आलं, दोन्ही एकाच वेळी, त्यामुळे नाकातून भलताच आवाज निघाला. बाकावरचा एक कुत्रा दचकून मालकाच्या मांडीवर चढला. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. कुणीच उठेना, तेव्हा मावशीच उठल्या. डोळे पुसत, नाक ओढत म्हणाल्या, "नाही हो, नाकाला हात लावून ताप कळत नाही. माझंच नाक बघा, ओलं आहे, म्हणून काय मी बरी आहे?"

सव्वा तासाने डॉक्टर पडद्याबाहेर आल्या. हातातल्या स्टीलच्या ट्रेमध्ये निळ्या दोऱ्याचं लांबलचक वेटोळं. "आहे," त्या म्हणाल्या. "पाहुणी आहे. आतडं कुठेही फाटलेलं नाही. दोन दिवस इथेच ठेवू."

काकांनी आधी डोळे मिटले, मग उघडले, मग ट्रेवर वाकून दोरा नीट पाहिला. "बघ," ते मावशींना म्हणाले, "स्वस्तातला आहे म्हणून तुटला. माझ्या दुकानातला तुटला नसता."

पाहुणी तिसऱ्या दिवशी घरी आली, पोटावर टाके आणि गळ्यात प्लास्टिकची मोठी कॉलर घेऊन. पत्र्याचा डबा काकांच्या कपाटात, कडीच्या आत गेला. गावात बातमी पसरायची ती पसरलीच. काही लोकांनी मावशींना चिडवून घेतलं, आणि मावशींनी ऐकून घेतलं. बावीस वर्षांची उधारी होती, फेडायला हवी होती.

मग एका सकाळी फोन आला. कुणीतरी बाई होती, आवाज ओळखीचा नव्हता. मांजराचं पिल्लू. अंग गरम लागतंय, खात नाही. मावशींनी पहिले दोन प्रश्न विचारले. तिसराही विचारला.

"काही नाही केलं," बाई म्हणाली.

मावशींनी पेन खाली ठेवलं. खोलीत बाक भरलेला होता. त्यांनी आवाज कमी केला नाही.

"हे बघा, मी इथे बावीस वर्षं बसते, आणि माझ्या मांजराने दोरा गिळला तेव्हा मी तो ओढला. मग डॉक्टरांना सांगितलं, काही नाही केलं म्हणून. आता तुमचं सांगा."

बाईचा श्वास ऐकू आला. "मी गोळी दिली. आमच्या तापाची. अर्धी."

"किती वेळ झाला?"

"दहा मिनिटं."

"मग अजून वेळ आहे," मावशी म्हणाल्या. "फोन ठेवा आणि निघा. मी दारात उभी आहे."