हालिनाबाईंची चाल

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेलाही नाही. टाळत आलो — आणि टाळणं फार सोपं असतं, कारण कोणी विचारत नाही. माझ्या वयाच्या माणसाला लोक गुडघे कसे आहेत विचारतात, गोळी घेतली का विचारतात. दत्ताकाका, तुम्ही कधी कोणाचं काही उचललंत का, असं कोण विचारणार?

यंदाच्या गणपतीत माझ्या नातीनं, ईशानं, इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ते गाणं म्हटलं. तुमच्यापैकी पुष्कळांना ते पाठ आहे. घर सोडून लांब आलेल्या मुलीचं गाणं — शब्द मंडळातल्या लेलेकाकूंचे, आणि चाल माझी. निदान दरवर्षी तसंच सांगतात. टाळ्या झाल्या, मी बसल्या जागी हात जोडले. पण ईशानं तिसरी ओळ जशी खाली आणली — अगदी हवी तशी, हळूच, जिना उतरल्यासारखी — ती ऐकून मला तिथे बसवेना. मी उठलो आणि बाहेर, जिथे सगळ्यांनी बूट काढून ठेवले होते, तिथे जाऊन उभा राहिलो. सुनेला वाटलं मला गरम झालं.

ती चाल माझी नाही.

आता सगळं सांगतो. मी सोलापूरला सरकारी कचेरीत नोकरी केली, पण स्वतःला मी पेटीवालाच समजत आलो. गावात येणाऱ्या गायकांना साथ करायचो, घरी चाली बांधायचो. रेडिओवर दोनदा पाठवल्या. परत आल्या — नीट आहेत, पण नवं काही नाही, असं तिथले साहेब म्हणाले. ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं. बायको गेल्यावर मुलानं, निरंजननं, मला इकडे अमेरिकेत आणलं. जर्सी सिटीतली ती जुनी विटांची इमारत, सकाळी मुलगा-सून दोघं ट्रेननं मॅनहॅटनला जायचे, ईशा शाळेत, आणि मी, माझी पेटी आणि एक भिंत.

भिंतीपलीकडे हालिनाबाई राहायच्या.

त्या पहिल्यांदा दारात आल्या तेव्हा मला वाटलं, पेटीची तक्रार घेऊन आल्या. मी आधीच सॉरी म्हणून टाकलं. पण त्यांनी बोटानं पेटीकडे दाखवलं आणि विचारलं, हे श्वास कुठून घेतं? मग त्या आमच्या बूट काढायच्या बाकावरच बसल्या आणि मी भाता उघडून दाखवला. त्यांचं इंग्रजी मोडकं, माझंही तसंच, त्यामुळे दोघांनाही लाज वाटत नसे. त्या मला 'पान दत्ता' म्हणायच्या. त्यांच्या भाषेत पान म्हणजे श्रीयुत. मी खाण्याचं पान कसं असतं ते सांगितल्यावर त्या कितीतरी वेळ हसल्या.

त्या पोलंडच्या. आणि त्या तिथे कोण होत्या हे मला फार उशिरा कळलं, कारण त्या ते सांगत नव्हत्या. त्यांच्या मुलीनं, एवानं, एकदा सांगितलं — आमच्या लहानपणी आईचं गाणं रेडिओवर लागलं की रस्त्यावरची माणसं खिडकीखाली थांबायची. त्यानंतर मी विचारत गेलो तशा त्या थोडं थोडं बोलू लागल्या. कारखान्यांच्या सभागृहांतले कार्यक्रम, दिवसात तीन तीन. समुद्रकाठच्या गावातला महोत्सव, जिथे वाऱ्यानं वाद्यवृंदाची स्वरलिपीची पानं उडाली आणि त्या साथीशिवायच गायल्या. त्यांचे यजमान गीतकार. गाण्याचे शब्द आधी एका सरकारी कचेरीत दाखवून मंजूर करून घ्यावे लागत. एकदा तिथल्या माणसानं 'धुकं' हा शब्द खोडला. "धुकं म्हणजे सरकार, असं त्याला वाटलं," हालिनाबाई म्हणाल्या, "आमच्या हे डोक्यातही नव्हतं. त्यानंतर मात्र माझा नवरा प्रत्येक गाण्यात धुकं घालायला लागला."

एक्क्याऐंशी साली त्या लहानग्या एवाला घेऊन इकडच्या पोलिश क्लबांमध्ये गायला आल्या होत्या. डिसेंबरात तिकडे लष्करानं सत्ता घेतली. यजमान तिकडे, या दोघी इकडे. परत गेलं तर पुन्हा बाहेर पडता येईल की नाही कोण सांगणार? त्या राहिल्या. लोकांच्या लग्नात गायल्या, मग इस्पितळाच्या धुलाईखात्यात लागल्या, आणि गाणं हळूहळू स्वयंपाकघरापुरतं उरलं. लष्करानं तोडलेले तिकडचे फोन पुन्हा सुरू झाले तेव्हा बोलण्याआधी एक आवाज सांगायचा, तुमचं बोलणं ऐकलं जात आहे. तशा एका फोनवर यजमानांनी त्यांना एक नवं गीत म्हणून दाखवलं. पूर्ण. ऐकणारा ऐकत होता, तरी. वर्षभरात ते गेले.

त्या शब्दांना हालिनाबाईंना वीस वर्षं चाल सापडली नाही. का, ते त्यांनाही सांगता येत नसे. आणि दोन हजार चारच्या हिवाळ्यात ती सापडली.

त्यांनी मला बोलावलं. बोटं आखडल्यामुळे त्यांना पियानो वाजवता येत नव्हता, म्हणून मी पेटी घेऊन गेलो. घरात कोबीचा वास, टेबलावर त्यांच्या त्या उकडलेल्या करंज्या. त्या गायल्या. मी स्वर धरत गेलो — मला दुसऱ्यांदा ऐकल्यावर चाल पाठ होते, एवढी एकच देणगी मला मिळाली आहे. तिसऱ्या ओळीवर त्या अडल्या. वर न्यावी की खाली आणावी? मी म्हणालो, वर न्या, तिथे टाळी येईल. त्या म्हणाल्या, नाही, माझा नवरा फोन ठेवताना आवाज खाली आणायचा. आणि त्यांनी ती ओळ खाली आणली.

पुढच्या वर्षीच्या वसंतात त्यांच्या चर्चच्या सभागृहात एक संध्याकाळ ठरली होती. अमेरिकेत विखुरलेले त्यांचे जुने गायक, गीतकार, वादक — कोणी टॅक्सी चालवणारे, कोणी घरं रंगवणारे — एकत्र जमून गाणार होते. हालिनाबाई तिथे हे गाणं म्हणणार होत्या. पहिल्यांदा आणि बहुतेक शेवटचं. त्यासाठी त्या रोज दुपारी घसा तयार करत. मला भिंतीतून ऐकू यायचं.

मधल्या उन्हाळ्यात मंडळानं मला नवी चाल मागितली. का मागितली? कारण मीच बढाया मारल्या होत्या — सोलापूरला मी चाळीसेक गाणी बांधली आहेत वगैरे. लेलेकाकूंनी शब्द दिले. मी बसलो. रोज बसलो. जे सुचायचं ते सगळं आधी कुठेतरी ऐकलेलं. रेडिओवरच्या त्या साहेबांचं वाक्य कानात. आणि गणपती जवळ आले तेव्हा एका सकाळी माझी बोटं आपोआप हालिनाबाईंच्या चालीवर गेली, आणि लेलेकाकूंचे शब्द त्यात असे बसले की —

आपोआप. बघा, अजूनही मी तोच शब्द वापरतो. बोटं आपोआप कुठे जात नाहीत.

कार्यक्रमात मेघनानं, माझ्या सुनेनं, ते गाणं म्हटलं. तिसऱ्या ओळीच्या उतरणीला सभागृह एकदम शांत झालं आणि मग टाळी पडली. वर नाही — खाली आल्यावर. पुण्याचा तो उंच मुलगा, ज्याला मी कायम नावं ठेवतो, धावत आला आणि म्हणाला, "काका, काय सॉलिड चाल लावलीत यार, मी तर इमोशनल झालो." तेव्हा बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. त्याऐवजी मी म्हणालो, सुचून गेली.

आणि मग मला मागच्या रांगेत हालिनाबाई दिसल्या. हिरवा झगा, गळ्यात मोत्यांची माळ. मेघनानं त्यांना बोलावलं होतं, बिचारीला काय माहीत. त्या टाळ्या वाजवत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या. रागावलेल्या नव्हत्या — रागावल्या असत्या तर मी कदाचित वाचलो असतो. त्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "पान दत्ता, ते गाणं माझ्या गाण्यासारखं आहे."

मी काय म्हणालो ते आता शब्दशः लिहितो. मी म्हणालो, "हा आमचा किरवाणी राग आहे. फार जुना. या स्वरांवरून जो चालेल तो तिथेच पोचतो."

ज्यांना गाणं कळतं त्यांना यातली लबाडी लगेच दिसेल. किरवाणीचे स्वर आणि त्यांच्याकडच्या उदास गाण्यांचे स्वर एकच आहेत, हे खरं. पण राग म्हणजे रस्ता, चाल म्हणजे त्या रस्त्यावरून एकच माणूस कसा चालला ते. हे मी माझ्याकडे पेटी शिकायला येणाऱ्या पोरांना सांगतो. त्या दिवशी मी अर्धं सांगितलं आणि अर्धं गिळलं. त्यांना आमचे राग माहीत नव्हते, मला ते माहीत होतं.

त्या विचारात पडल्या. म्हणाल्या, "हा राग तुम्ही हिवाळ्यात वाजवत होता?"

"हो," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. मी किरवाणी वाजवतो. पण ती चाल मी त्यांच्या स्वयंपाकघरात ऐकण्याआधी कधीच ऐकली नव्हती.

"म्हणजे ती भिंतीतून आली," त्या म्हणाल्या. "मला वाटलं माझी आहे. वीस वर्षं मला काही सापडलं नाही, आणि मग तुम्ही शेजारी आलात." आणि त्यांनी — हे मी कसं लिहू — त्यांनी माझी माफी मागितली. माझा हात हातात घेऊन. मी म्हणालो, असू दे.

असू दे.

त्यानंतर भिंतीतून त्यांचा आवाज आला नाही. मी रोज दुपारी कान देऊन बसायचो. आवाज आला नाही की मला एकदम हायसं वाटायचं, हेही लिहून ठेवतो.

वसंतात त्या मला त्यांच्या सभागृहात पाहुणा म्हणून घेऊन गेल्या. नाही कसं म्हणणार? म्हातारे गायक एकेक करून उठले. कोणाचा आवाज फुटत होता, कोणी शब्द विसरत होतं, आणि समोरची सगळी माणसं ते शब्द पुरवत होती. हालिनाबाईंचं नाव पुकारलं तेव्हा लोक उभे राहिले. त्या त्यांच्या भाषेत काही बोलल्या. मग सगळ्या माना माझ्याकडे वळल्या आणि टाळ्या सुरू झाल्या. मी एवाला विचारलं, काय म्हणाली आई?

"ती म्हणाली, माझ्याकडे नवऱ्याच्या शेवटच्या शब्दांसाठी एक चाल होती. पण ती माझ्या शेजाऱ्यांची निघाली. दुसऱ्याची चाल आपली म्हणून मी या लोकांसमोर गाणार नाही. ते शेजारी इथे बसले आहेत, मोठे कलावंत आहेत, त्यांना टाळ्या द्या."

मी उभा राहिलो आणि हात जोडले.

हालिनाबाईंनी त्यांचं एक जुनं, आनंदी गाणं म्हटलं. लोक नाचले.

त्या वर्षाअखेर एवा त्यांना ओहायोला, आपल्या घरी घेऊन गेली. सामान उतरवताना ती मला बाजूला घेऊन म्हणाली, आईची स्मरणशक्ती दगा देऊ लागली आहे, तिला एकटं ठेवता येत नाही. "तुमच्या गाण्यापासूनच मला शंका आली, मिस्टर दत्ता. तुमचं ऐकलेलं तिला स्वतःचं वाटायला लागलं." मी तिथे उभा होतो. हातात त्यांच्या कुंड्या होत्या. मी म्हणालो, काळजी घ्या.

माफी मागायचं मी ठरवलं होतं, हे खरं आहे. कोपऱ्यावरच्या पोलिश दुकानातल्या बाईकडून माफीचा त्यांच्या भाषेतला शब्द शिकून घेतला. जड शब्द आहे, जीभ अडखळते. बाथरूममध्ये नळ सोडून सराव केला. आणि एका रविवारी सकाळी फोन लावला.

त्यांनी मला ओळखलं. पान दत्ता, म्हणाल्या, गुडघे कसे आहेत? मग म्हणाल्या, तुमचं गाणं म्हणा ना. मला एवाच्या घरात कोणी गाणं म्हणून दाखवत नाही.

मी फोनवर गायला लागलो, लेलेकाकूंचे शब्द. दुसऱ्या ओळीला त्या पलीकडून सामील झाल्या — त्यांच्या भाषेत, यजमानांचे शब्द. एक शब्द विसरल्या नाहीत. एकही नाही. मी गप्प झालो आणि त्या एकट्याच गात राहिल्या. तिसरी ओळ त्यांनी खाली आणली.

मग त्या म्हणाल्या, "किती छान बसतात त्याचे शब्द तुमच्या चालीत."

शब्द माझ्या जिभेवर होता. मी श्वास घेतला. पलीकडे कोणीतरी त्यांना जेवायला हाक मारली, त्या म्हणाल्या, जाते हं, आणि थांबल्या — मी काही बोलतोय का म्हणून थांबल्या, मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी म्हणालो, जेवून घ्या.

त्या हिवाळ्यात हालिनाबाई गेल्या.

पशेप्राशाम. असा आहे तो शब्द. आता मला तो न अडखळता म्हणता येतो.