मुद्देमालातलं सिमकार्ड

गुन्ह्याआधी माणसाबद्दल सांगतो. भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कच्या बाजूला, एका वहिनींचं घरगुती पदार्थांचं छोटं दुकान होतं. त्यांचं नाव लिहीत नाही. ते नाव लोकांनी आधीच फार वापरलंय.

मी सातपुड्याच्या पायथ्याचा. नववीत शाळा सुटली, शिपाई म्हणून खात्यात लागलो आणि नोकरीची शेवटची वर्षं या खाडीकाठच्या शहरात काढली. बायकामुलं गावी, मी भाड्याच्या खोलीत एकटा. बदली होऊन आलो त्याच वर्षी कावीळ झाली. इथे मला पाणी विचारणारं कोणी नव्हतं. वहिनींच्या दुकानात मी अधूनमधून पोळीभाजी घ्यायचो, तेवढीच ओळख. मी दिसेना म्हणून त्यांनी नवऱ्याला पाठवलं आणि बरा होईपर्यंत रोज दोन वेळा पेजेचा डबा माझ्या दाराशी आला. नवरा स्कूटरवरून यायचा आणि दारातच उभा राहायचा. "हवालदार, डबा रिकामा पाहिजे. नाहीतर ती मला उपाशी ठेवेल." आईनंतर माझ्यासाठी असं कोणी रांधलं नव्हतं. मी आज बसून लिहितोय तो त्या पेजेवर.

पुढे तो नवरा गेला. आणि त्यानंतर दुसऱ्या गणपतीत जे झालं ते माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही.

चतुर्थीचा दिवस म्हणजे आमचा बंदोबस्ताचा दिवस. दुपारी मी थोडा वेळ ठाण्यात टेकलो होतो. तेव्हा मी सहायक फौजदार होतो, निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. इतक्यात बाहेर गलका झाला. दहाबारा माणसं सणाच्या कपड्यांत आत शिरली. मध्ये वहिनी, पदराला तांदळाचं पीठ लागलेलं, आणि मागे आमची एक महिला शिपाई.

"साहेब, ही बाई चोर आहे," एक गृहस्थ म्हणाले. "मोदकांचे पैसे आगाऊ घेतले आणि आता म्हणते ऑर्डरच नाही."

"मॅप पे इसीका दुकान, इसीका फोटो, इसीका ॲड्रेस," दुसरा मोबाईल पुढे करत म्हणाला. "और बोलती है, नंबर मेरा नहीं."

"देवाला पेढ्यावर भागवलं साहेब, बाप्पा समजून घेईल," तिसरा म्हणाला. "माझी बायको घेणार नाही."

कोणी हसलं नाही. उकडीचे मोदक आदल्या दिवशी करून ठेवता येत नाहीत, ते नैवेद्याच्या वेळेला गरमच लागतात. त्यामुळे आपण फसलोय हे साऱ्यांना एकाच दिवशी, एकाच वेळी, एकाच दारात कळलं. ज्याने हे केलं, त्याने सण बघूनच केलं होतं.

वहिनींनी मला पाहिलं. "भावोजी, तुम्ही तरी सांगा यांना." एवढंच म्हणाल्या.

मी काय सांगणार? खाकीत असताना पेजेची ओळख काढता येत नाही. मी ठाणे अंमलदाराला तक्रार नोंदवून घ्यायला सांगितलं आणि त्यांना बाकावर बसवलं.

ऑनलाइन फसवणुकीचा तपास निरीक्षक साहेबांकडे असतो. आम्ही जबाब लिहायचे, नोटिसा पोचवायच्या. साहेब तरुण, हुशार आणि स्वभावाने वाईट नाहीत. पण पुरावा सगळा वहिनींकडे बोट दाखवत होता. इंटरनेटच्या नकाशावर दुकानाचं पान होतं. त्यावर त्यांचे मोदक, त्यांच्या दुकानाची पाटी, त्यांचा पत्ता. त्याखाली बुकिंगसाठी एक नंबर आणि पैसे भरायचा क्यूआर कोड. पैसे गेले ते खातं परक्याच्या नावावर. वहिनींचा त्या खात्याशी संबंध नाही, हे मी साहेबांना सांगितलं.

"खातं भाड्याने मिळतं हल्ली," साहेब म्हणाले. "बाई एकट्या नसतील. मागे कोणीतरी असेल. विचारा त्यांना."

विचारणं माझ्यावर आलं. चौकशीच्या खोलीत मी आयुष्यात खूप माणसांसमोर बसलोय. खोटं बोलणारा बहुधा आपली गोष्ट जुळवून आणतो, खऱ्या माणसाची गोष्ट विस्कटलेली असते. वहिनींची पार विस्कटलेली होती.

"महिनाभर फोनच वाजत नव्हता, भावोजी. दरवर्षी गणपतीआधी मला जेवायला फुरसत नसते. मला वाटलं फोन बिघडला. मोबाईलवाल्याकडे नेला, त्याने बॅटरी बदलली. मग म्हणाला रेंज नाही, कार्ड बदला. तेही बदललं. वायफायवाला म्हणाला, बंद करून चालू करा. रोज बंद करून चालू करत होते."

"आणि तरी तुम्हाला शंका आली नाही?"

"आली ना. वाटलं, हे गेले, लोकांना आता माझ्या हातची चव आवडत नसेल."

माझं पेन थांबलं. बिघाड फोनमध्ये नव्हताच. लोक फोन करत होते, पण ते फोन दुसरीकडे जात होते. आणि ही बाई धडधाकट फोनला महिनाभर औषध देत बसली होती. दुकानाचं पान तिने कधी उघडून बघितलं नाही. आपल्याच दुकानाचा पत्ता कोण शोधतं?

साहेब आत आले. "ते पान कोणी बनवलं होतं?"

"ह्यांनी. फोटो काढायचे, टाकायचे, लोकांनी चांगलं लिहिलं की उत्तर द्यायचे. मला म्हणायचे, तू चूल सांभाळ, जाहिरात माझ्याकडे."

"लॉगिन कुठल्या नंबरवर?"

"ह्यांच्याच."

"तो नंबर कोण वापरतं आता?"

"कोणी नाही. फोन कपाटात आहे, ह्यांच्या चष्म्याजवळ. मी कोणाला हात लावू देत नाही."

"रिचार्ज?"

"तो कशाला लागतो? लाइफटाइम कार्ड आहे साहेब. लग्नानंतर घेतलं होतं. बोलायला पैसे लागतात, पण इनकमिंग कधी बंद होत नाही."

माझ्या पिढीतली हजारो माणसं आजही हेच धरून चालतात. मीही धरून होतो. गावी आईचं जुनं कार्ड मी याच भरवशावर ठेवलं होतं.

महिला शिपाई वहिनींबरोबर घरी जाऊन फोन घेऊन आली. पंच बोलावले, पंचनामा सुरू केला. फोन चार्जिंगला लावून चालू केला. पडद्यावर नवराबायकोचा उत्तनच्या किनाऱ्यावरचा फोटो आला. रेंजच्या जागी काहीच नव्हतं. साहेब मला म्हणाले, "त्या नंबरवर फोन लावा. स्पीकरवर."

मी लावला. टेबलावरचा फोन गप्प पडून होता आणि माझ्या फोनमध्ये रिंग जात होती. वहिनी एकदा त्या फोनकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. मग कोणीतरी उचलला.

"हां, बोलो. कौन?"

खोलीत आवाज घुमला. वहिनींनी टेबलाची कड धरली. मी उगाच म्हणालो, "राँग नंबर," आणि ठेवून दिला. तपास तिथे सुटला. खात्यात असं काही सुटलं की आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवतो. त्या दिवशी कोणी हलवली नाही.

पुढचं काम कागदांचं. बरेच महिने रिचार्ज नाही, वापर नाही, म्हणून कंपनीने नियमाप्रमाणे नंबर बंद केला आणि काही काळाने दुसऱ्या गिऱ्हाईकाला दिला. ते गिऱ्हाईक म्हणजे वरसाव्याजवळच्या एका ढाब्यावर भाजी चिरणारा माणूस. त्याला आणलं तेव्हा तो हात जोडूनच आत आला.

"साब, नंबर लिया तबसे सब मोदक मोदक करते हैं," तो म्हणाला. "कोई फोटो भेजता है, कोई पूछता है इक्कीस मिलेगा क्या. मैं बोलता हूँ, भाई, मैं तो भिंडी काटता हूँ."

"और कोड आता था? ओटीपी?"

"आता था. मेरा रूम पार्टनर बोला, मुझे बता, मैं ये सब बंद करवा देता हूँ. वो कंप्यूटर का काम करता है."

तो पार्टनर आम्हाला सिल्व्हर पार्क भागात सापडला. एका सलूनवाल्याला समजावत होता, तुमचं दुकान नकाशावर सगळ्यात वर आणून देतो. धंदाच तो त्याचा: छोट्या दुकानांची पानं बनवायची, फोटो टाकायचे, लोकांना दिसतील अशी करायची. काम त्याला चांगलं येत होतं. नुसतं तेवढं केलं असतं तर इज्जतीने जगला असता.

त्या ओटीपीने तो वहिनींच्या दुकानाच्या पानात शिरला होता आणि बुकिंगचा नंबर आणि क्यूआर कोड बदलून टाकला होता. चौकशीत तो रडला नाही, चिडलाही नाही.

"मी काही फोडलं नाही साहेब. दार उघडं होतं, मी आत गेलो."

"दार कोणाचं होतं?"

"कोणाचंच नाही. मेलेल्या माणसाचं पान होतं. घरच्यांनी अपडेट करायला पाहिजे होतं ना."

मी आयुष्यात आरोपीवर कधी हात उचलला नाही. त्या दिवशी हात मांडीखाली दाबून बसलो.

त्याला अटक झाली, आरोपपत्र गेलं, वहिनी निर्दोष असल्याचं कागदावर आलं. कागद माझ्याच हातचा होता, स्वच्छ मराठीत. वहिनींनी तो लॅमिनेट करून दुकानाच्या काचेला लावला. लोक थांबून वाचायचे आणि पुढे जायचे.

कारण चतुर्थीलाच कोणीतरी त्यांचा फोटो काढला होता, ठाण्यात नेतानाचा. "सावधान, मोदकवाली चोर" असं लिहून तो इमारतींच्या ग्रुपवर फिरला. त्या निर्दोष सुटल्याचं कुठल्याच ग्रुपवर फिरलं नाही. दुकानाचं पान बऱ्याच खटपटीनंतर परत मिळालं, पण त्यावर लोकांनी लिहिलेल्या शिव्या तशाच. साहेबांनी नकाशावाल्या कंपनीला पत्रं लिहिली. उत्तरं यायची गोड भाषेत, आणि अर्थ एकच, काढता येणार नाही. महिला शिपाईने मला मोबाईलवर शिकवलं आणि मीही तिथे चार ओळी लिहिल्या, या बाईंनी काही केलेलं नाही म्हणून. माझ्या ओळी खाली कुठेतरी गेल्या, शिव्या वर राहिल्या.

पुढच्या गणपतीला मी मुद्दाम दुकानात गेलो. वहिनी एकट्याच बसल्या होत्या. समोर मोजके मोदक, वरून ओलं फडकं. शेजारची एक बाई पायरीपर्यंत आली, मला आत बघून म्हणाली, "नंतर येते." आली नाही.

"पोलीस बसलाय म्हणून गेली," मी म्हणालो.

"नाही हो भावोजी. ती रोजच नंतर येते."

दिवाळीआधी त्यांनी दुकान सोडलं आणि रायगडात माहेरी गेल्या. भावाच्या घरी, मागच्या पडवीत. जाताना मला एकच विचारलं. "तो नंबर परत मिळेल का हो? ह्यांच्या फोनमध्ये घालून ठेवला असता. कोणी परका तरी उचलणार नाही."

मी "बघतो" म्हणालो. पोलिसाच्या तोंडचा तो शब्द लोक ओळखतात. वहिनी हसल्या.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं तरुण पोरं विचारतात. मी सांगतो, गुन्हा उघडकीस आणणं आपल्या हातात असतं, गेलेलं परत आणणं नसतं. आम्ही चोर धरला आणि ज्या बाईने मला जगवलं तिचं दुकान आणि नाव तरीही गेलं. रात्री झोपताना बायको म्हणते, सोडा आता, रिटायर झालात. मला सोडता येत नाही.

त्या भाजी चिरणाऱ्याकडून जप्त केलेलं, त्याच नंबरचं सिमकार्ड आज मुद्देमालात आहे, लाखबंद पाकिटात. खटल्याला तारखा पडतायत, मी साक्षीदार म्हणून प्रत्येक तारखेला जाऊन परत येतोय. तो माणूस भला निघाला. म्हणाला, "साब, केस छूटेगा तो नंबर भाभी के नाम कर दूँगा. मेरेको क्या करना है." पण पाकिटातला नंबरही रिचार्जवाचून मरतो आणि तिसऱ्याच माणसाला जातो. म्हणून त्यावर दर वेळी मुदत संपायच्या आत मी रिचार्ज मारतो. दुकानदार विचारतो, "काका, हा कोणाचा नंबर? कधी लागत तर नाही." मी म्हणतो, "तू मार."

एवढ्याने तो टिकेल की नाही, मला माहीत नाही. नियम रोज बदलतात आणि मी नववी नापास माणूस. पण कोर्टाने पाकीट सोडलं की मी रायगडाची एसटी धरणार आहे. ते कार्ड स्वतः त्यांच्या नवऱ्याच्या जुन्या फोनमध्ये घालून वहिनींच्या हातात देईन. मग अंगणात जाऊन त्या नंबरवर फोन लावीन, आणि तो त्यांच्या हातातच वाजेल. वहिनी, तुमच्या पेजेची फेड माझ्याकडून एवढीच होईल. पण ती मी करणार.